चूल कोणाची विझते?



आमच्या गटात दर महिन्याला अभ्यासवर्ग असतो. मागच्या खेपेला मी डब्लिनच्या संपाची गोष्ट सांगितली. १९ जुलै १९८४ रोजी आयर्लंडमधल्या डब्लिन शहरात, डन्स स्टोअर्स नावाच्या दुकानात गल्ल्यावर काम करणाऱ्या मेरी मॅनिंग या एकवीस वर्षांच्या मुलीनं एका गिऱ्हाइकाच्या दोन ग्रेपफ्रूटचं बिल करायला नकार दिला. पपनसाच्या जातीची ती फळं दक्षिण आफ्रिकेतून आलेली होती, आणि वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेचा माल हाताळायचा नाही असं तिच्या युनियननं ठरवलं होतं. तिला कामावरून दूर केलं गेलं. तिच्या पाठोपाठ तिचे दहा सहकारी बाहेर पडले, त्यातल्या बहुतेक तरुण मुली. आठवड्याला एकवीस पौंड एवढ्याच संपभत्त्यावर त्या अडीच वर्षांहून अधिक काळ दुकानाबाहेर उभ्या राहिल्या. सुरुवातीला त्यांना दक्षिण आफ्रिकेविषयी फारसं काही ठाऊकही नव्हतं. निम्रॉद सेजाके हे तिथून परागंदा झालेले कामगार कार्यकर्ते त्यांच्याबरोबर येऊन उभे राहू लागले आणि त्यांच्याकडून त्या शिकल्या. शेवटी आयर्लंडच्या सरकारनं १९८७ सालापासून दक्षिण आफ्रिकेतली फळं आणि भाज्या आयात करण्यावर बंदी घातली.

गोष्ट संपली तेव्हा सगळ्याजणी भारावलेल्या होत्या. मग मागे बसलेली एक घरकामगार मैत्रीण म्हणाली, “ताई, त्या पोरींचं धाडस मोठंच. पण ती फळं झाडावरून जिनं तोडली, तिचं काय झालं? माल खपला नाही तर मालक आधी कोणाला घरी बसवतो? चूल कोणाची विझते?”

मला त्या दिवशी नीट उत्तर देता आलं नाही. प्रश्न तिचा एकटीचा नाही. बहिष्काराचं, निर्बंधांचं आवाहन करणारं पत्रक आपल्याकडे सहीसाठी येतं तेव्हा हा प्रश्न आपल्या मनात येतोच, पण चळवळीत तो विचारणं बरं दिसत नाही म्हणून आपण गप्प बसतो. तिनं तो विचारला. म्हणून या अंकाच्या संपादकीयात त्याचं उत्तर शोधायचं ठरवलं.

आधी शब्द समजून घेऊ. वर्तमानपत्रात ‘निर्गुंतवणूक’ हा शब्द सरकारी कंपन्यांचे शेअर्स विकण्यासाठी येतो. इथे अर्थ वेगळा आहे. एखादी राजवट माणसांना वंशावरून, रंगावरून चिरडत असेल, तर त्या राजवटीच्या आधारानं धंदा करणाऱ्या कंपन्यांमधून आपला पैसा काढून घ्यायचा. आपला म्हणजे विद्यापीठांचा, चर्चचा, महानगरपालिकांचा, कामगारांच्या पेन्शन फंडांचा. कंपन्यांनी तिथून बाहेर पडावं, बँकांनी त्या सरकारला कर्ज देऊ नये यासाठी दबाव आणायचा. माल न घेण्याचा बहिष्कार आणि सरकारांनी घातलेले निर्बंध ही याचीच भावंडं. या मार्गाचा सर्वांत मोठा प्रयोग दक्षिण आफ्रिकेच्या बाबतीत झाला.

त्या राजवटीचा कणा होता पास. काळ्या माणसानं शहरात कुठे राहायचं, कुठे काम करायचं, किती दिवस थांबायचं हे त्या पासावर ठरे. पुरुषांवर तो आधीपासून लादलेला होताच. बायकांनाही तो सक्तीचा होऊ लागला तेव्हा ९ ऑगस्ट १९५६ रोजी सुमारे वीस हजार बायका प्रिटोरियात सरकारच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. लिलियन न्गोयी, हेलन जोसेफ, रहिमा मूसा आणि सोफिया विल्यम्स यांनी मोर्चाचं नेतृत्व केलं. त्यात काळी, गोरी, भारतीय वंशाची आणि मिश्रवंशीय अशी प्रत्येक समाजातली बाई होती. तिथे आज ९ ऑगस्ट हा महिला दिन म्हणून पाळला जातो.

आता याच पासाचा धागा कुठवर जातो पाहा. १९७० साली अमेरिकेत पोलरॉइड कंपनीत रसायनतज्ज्ञ म्हणून काम करणाऱ्या कॅरोलाइन हंटर या तरुण कृष्णवर्णीय बाईला आणि केन विल्यम्स या तिच्या सहकाऱ्याला कंपनीतच दक्षिण आफ्रिकेच्या खाण खात्याच्या ओळखपत्राचा नमुना दिसला. आपण बनवतो त्या झटपट फोटोच्या यंत्रणेवर तिकडे पासाचे फोटो निघतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. दोघांनी कामगारांची चळवळ उभी केली आणि कंपनीनं तिथून बाहेर पडावं अशी मागणी केली. हंटरची नोकरी गेली. कंपनी म्हणाली, आम्ही तिथे राहून काळ्या कामगारांचे पगार सुधारू, सरकारला माल विकणार नाही. १९७७ साली उघड झालं की तिथला वितरक सरकारला गुपचूप माल विकतच होता. तेव्हा कुठे पोलरॉइड बाहेर पडली. ‘आत राहून सुधारणा करू’ हे वाक्य आपणही पुष्कळ ऐकतो. ते तपासून घ्यायचं असतं, एवढं या प्रकरणातून शिकावं.

आता आमच्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडे वळू.

‘निर्बंधांनी काळ्या माणसांचंच नुकसान होईल’ हा युक्तिवाद त्या काळी सतत केला जाई. अमेरिकेचे अध्यक्ष रेगन, ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचर आणि तिथे धंदा करणाऱ्या कंपन्या तो करत. पण सगळ्या विरोधकांना एका माळेत ओवणं बरोबर नाही. हेलन सुझमन या बाईंनी तेरा वर्षं गोऱ्यांच्या संसदेत आपल्या पक्षाच्या एकमेव सदस्य म्हणून वर्णद्वेषाविरुद्ध झुंज दिली, तुरुंगांत जाऊन कैद्यांची दाद घेतली. त्यांनाही निर्बंध मान्य नव्हते. उद्योग वाढले तर काळा कामगार बलवान होईल आणि व्यवस्था आतून मोडेल, अशी त्यांची मांडणी होती. ती अप्रामाणिक नव्हती.

मग ज्यांना झळ बसणार होती, ते काय म्हणत होते? आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष अल्बर्ट लुथुली यांनी १९५९ सालीच जगाला बहिष्काराचं आवाहन केलं. आमच्या लोकांना याचा त्रास होईल हे त्यांनी लपवलं नाही. त्रास आम्ही आजही भोगतोच आहोत. रक्तपाताचे दिवस यामुळे कमी होणार असतील तर ही किंमत मोजायला आम्ही तयार आहोत, असं त्यांचं म्हणणं होतं. १९८५ च्या डिसेंबरात डर्बनला कोसाटू हा कामगार संघटनांचा महासंघ स्थापन झाला. ज्यांच्या नोकऱ्या जाण्याची भीती दाखवली जात होती, त्याच कामगारांच्या या महासंघानं परकीय भांडवल काढून घेण्याला पाठिंबा दिला. १९८९ साली अल्बर्टिना सिसुलू, पेशानं परिचारिका, नवरा तेव्हा पंचवीस वर्षं तुरुंगात आणि स्वतः वर्षानुवर्षं बंदीहुकुमाखाली राहिलेल्या, अमेरिकेच्या अध्यक्षांना आणि ब्रिटनच्या पंतप्रधानांना भेटल्या आणि दबाव चालू ठेवा असं सांगून आल्या. आणि हे ध्यानात घ्या की निर्बंधांची उघड मागणी करणं तिथे गुन्हा ठरू शकत होतं. तरीही माणसं बोलत होती.

माझ्या मते इथे पहिलं उत्तर मिळतं. दुसऱ्याच्या चुलीची काळजी वाहणारे पुष्कळ होते. त्यातल्या बहुतेकांनी त्या चुलीपाशी बसलेल्या बाईला कधी विचारलं नव्हतं. तिची चूल तर राजवटीनंच विझवलेली होती. १९६० ते १९८३ या काळात सुमारे ३५ लाख माणसांना घरादारातून उठवून दुसरीकडे नेऊन टाकलं गेलं. नवरा खाणीच्या वसतिगृहात, बायको दूर ओसाड ‘होमलँड’मध्ये, आणि ती शहरात कामाला आली तर गोऱ्यांच्या स्वयंपाकघरात त्यांची मुलं सांभाळणार, स्वतःची मुलं आजीकडे. घरकाम करणाऱ्या आपल्या मैत्रिणींना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. ‘निर्बंध आले तर संसार उद्ध्वस्त होतील’ म्हणणाऱ्यांना हा रोजचा उद्ध्वस्त संसार दिसत नव्हता.

पण दुसऱ्याच्या वतीनं काळजी वाहणं जसं सोपं, तसंच दुसऱ्याच्या वतीनं त्याग जाहीर करणंही सोपं. म्हणून या मार्गानं प्रत्यक्षात काय साधलं, तेही न फुगवता पाहिलं पाहिजे.

शेअर्स विकण्याचा बाजारावर फारसा परिणाम झाला नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अर्थतज्ज्ञांच्या एका अभ्यासात असं दिसलं की मोठमोठ्या फंडांनी शेअर्स विकूनही कंपन्यांचे भाव विशेष हलले नाहीत. एकानं विकले, दुसऱ्यानं घेतले. कंपन्यांची माघारही पुष्कळदा नावापुरती होती. १९८६ साली जनरल मोटर्सनं तिथला धंदा स्थानिक व्यवस्थापनाला विकायचं जाहीर केलं. मोटारी पुढेही निघत राहिल्या. पोर्ट एलिझाबेथच्या कामगारांनी तेव्हा संप केला. जाताना आमच्या देण्याचं काय, आमच्या भविष्याचा सौदा आम्हाला न विचारता कसा करता, हा त्यांचा सवाल होता. भांडवल काढून घ्या म्हणणाऱ्या कामगारालाच भांडवल कसं निघालं यात स्थान नव्हतं. हा दोष आपण लपवू नये.

जिथे खरी कोंडी झाली ती कर्जाची. १९८४-८५ साली वस्त्या पेटल्या, जुलै १९८५ मध्ये आणीबाणी आली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीला अमेरिकेतल्या चेस मॅनहॅटन बँकेनं दक्षिण आफ्रिकेच्या कर्जाची मुदत वाढवायची नाही असं ठरवलं. इतर बँका तिच्यामागून गेल्या. तिथलं चलन कोसळलं, शेअर बाजार काही दिवस बंद ठेवावा लागला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला सरकारनं सुमारे १४ अब्ज डॉलरच्या कर्जाची परतफेड थांबवली. बँकेला वर्णद्वेषाचा तिटकारा आला होता असं नाही. तिला धोका दिसला. पण तो धोका दोन बाजूंनी तयार झाला होता. एकीकडे वस्त्यांतला उठाव. दुसरीकडे विद्यार्थी, चर्च, युनियन यांनी वर्षानुवर्षं बँकांच्या दारात धरलेलं धरणं. ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांनी बार्कलेज बँकेतली खाती बंद केली. १९८६ साली ती बँक दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडली. त्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठानं सुमारे तीन अब्ज डॉलरची गुंतवणूक काढून घेण्याचा ठराव केला, आणि रेगन यांचा नकाराधिकार मोडून अमेरिकेच्या संसदेनं निर्बंधांचा कायदा केला.

म्हणजे फंडांचे शेअर्स विकल्यानं राजवट पडली नाही. शेअर्स विकण्यावरून जी चर्चा घडली, विद्यापीठाच्या, नगरपालिकेच्या, चर्चच्या सभेत ‘आपला पैसा कुठे आहे?’ हा जो प्रश्न उभा राहिला, त्यातून बँकांना आणि सरकारांना हलवणारी ताकद आली. आणि तीही एकटी पुरली नसती. देशातले संप, वस्त्यांतला लढा, अंगोलातलं युद्ध, शीतयुद्धाचा शेवट हे सगळं मिळून फेब्रुवारी १९९० मध्ये मंडेला सुटले आणि एप्रिल १९९४ मध्ये सगळ्यांनी मतदान केलं. आर्थिक दबाव हा त्यातला एक दोर. तो आतल्या लढ्याला बांधलेला होता म्हणून ताणला गेला.

आता बायकांच्या बाजूनं आणखी एक गोष्ट, जी विजयाच्या इतिहासात सहसा येत नाही.

देशाच्या आतही बहिष्कार चालू होते. १९७९ साली केपटाऊनजवळ बेलव्हिल इथे फॅटीज अँड मोनीज या पीठ-शेवयांच्या कारखान्यातल्या ८८ कामगारांचा संप झाला. वस्त्यांनी त्या कंपनीचा माल घेणं बंद केलं आणि सात महिन्यांनी कामगार परत कामावर लागले. १९८५ साली पोर्ट एलिझाबेथच्या काळ्या वस्त्यांनी गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार टाकला आणि व्यापारी हवालदिल झाले. घरचा बाजारहाट बायकाच करत, त्यामुळे हे बहिष्कार बायकांच्या पिशवीवर उभे होते. त्या लांबच्या दुकानात गेल्या, चढा भाव दिला, मुलांचं दूध आणि घरचं पीठ कसं पुरवायचं याचा हिशेब त्यांनी रोज केला.

आणि काही ठिकाणी त्याच बायकांना शिक्षाही झाली. गोऱ्या दुकानातून सामान आणताना सापडलेल्या बाईला वस्तीतल्या तरुण पोरांनी तिनं विकत घेतलेलं तेल, साबणाची पावडर तिथेच गिळायला लावल्याचे प्रकार घडले. सत्य व समेट आयोगाच्या नोंदींत ते आले आहेत. लढा न्याय्य होता. हे कृत्य नव्हतं. बहिष्कार कोणी पाळायचा हे पुरुषांनी ठरवायचं, पाळायचा बायकांनी, आणि मोडला तर मारही बायकांनीच खायचा, ही वाटणी आपल्या ओळखीची आहे. आपल्या चळवळीतही ती डोकावते.

फळबागांतल्या बायकांचंही तेच. केप प्रांतात बागेतली कायमची नोकरी आणि राहतं घर पुरुषाच्या नावावर. बायका हंगामी मजूर. मागणी घटली की हंगामी मजुरी आधी तुटते. आमच्या मैत्रिणीनं नेमकं इथेच बोट ठेवलं होतं. ‘काळ्या जनतेनं किंमत मोजली’ असं म्हणताना त्या जनतेच्या आत किंमत सारखी वाटली गेली नाही, हे स्त्री संघटनांनी म्हटलं पाहिजे. म्हणून लढा चूक ठरत नाही. पण संपकऱ्यासाठी निधी जमतो, तसा या बाईसाठी का जमू नये, हा प्रश्न उभा राहतो.

‘बहिष्कार’ हा शब्दही आपल्याला सावध करतो. आपल्या मातीत या शब्दाला रक्ताचे डाग आहेत. बाबासाहेबांनी १९२४ साली संस्थेला ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ आणि १९२७ साली पत्राला ‘बहिष्कृत भारत’ हे नाव दिलं, ते उगाच नव्हे. हक्क मागणाऱ्या वस्तीचं पाणी, काम आणि किराणा तोडणं हे गावाचं जुनं हत्यार. जातपंचायतीनं वाळीत टाकलेल्या कुटुंबांसाठी महाराष्ट्राला २०१६ साली वेगळा कायदा करावा लागला. मग मेरी मॅनिंगचा बहिष्कार आणि गावकीचा बहिष्कार यांत फरक काय? गावकीचा बहिष्कार बळकटानं दुबळ्याचं जगणं तोडतो. दुसरा, दुबळ्याच्या हाकेवर, बळकटाची रसद तोडतो. हत्यार एकच, पातं कोणाकडे वळलंय, हाक कोणाची आहे, यावर न्याय-अन्याय ठरतो. ही परीक्षा सोडली तर कोणताही झुंडशाहीचा बहिष्कार स्वतःला चळवळ म्हणवून घेईल.

आणि आपला देश? दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत. १९४६ साली, स्वातंत्र्याच्या आधीच, आपण ते पाऊल उचललं, आणि तेव्हा आपल्या निर्यातीतला सुमारे पाच टक्के माल तिकडे जात होता. १९७४ साली डेव्हिस कपच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळायला आपण नकार दिला, चषकावर पाणी सोडलं. याचा अभिमान जरूर बाळगावा. पण त्या १९४६ च्या बंदीमागे तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांवर होणारा अन्याय हे तातडीचं कारण होतं, हेही विसरू नये. काळ्यांच्या बाजूचा व्यापक विचार हळूहळू वाढत गेला. आपल्या माणसांसाठी सुरू झालेली कळकळ परक्या माणसापर्यंत पोचते का, ही कसोटी देशांना लागते तशी संघटनांनाही लागते.

तर आमची भूमिका काय? वांशिक दडपशाहीविरुद्ध आर्थिक कोंडी हा योग्य मार्ग आहे, पण तो भोगणाऱ्यांनी मागितलेला असला पाहिजे, त्यांच्या लढ्याला जोडलेला असला पाहिजे, आणि केव्हा थांबायचं हेही त्यांनीच सांगितलं पाहिजे. दक्षिण आफ्रिकेत तसं झालं. सप्टेंबर १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत उभं राहून मंडेलांनीच आता निर्बंध उठवा असं सांगितलं. ज्यांच्या संघटनेनं हाक दिली होती, तिनंच हाक मागे घेतली. जिथे तसा आवाज नसतो, किंवा असूनही ऐकला जात नाही, तिथे निर्बंध हे बड्या देशांच्या हातातलं एक शस्त्र होऊन बसतं, आणि त्याखाली पहिल्यांदा बायका-मुलं सापडतात.

तेव्हा असं पत्रक पुढच्या वेळी आपल्या गटात येईल तेव्हा सही करण्याआधी विचारू या: ही हाक कोणाची? झळ कोणाला लागणार आणि तिच्यासाठी सोय काय? काय मिळालं की हे थांबणार? उत्तरं मिळाली तर सही करू आणि ती पाळू, आपल्यालाही थोडी झळ लागली तरी. डब्लिनच्या मुलींना लागली होती.

आणखी एक काम. आपल्या संस्थेची मुदत ठेव कुठे आहे, प्रॉव्हिडंट फंड कुठे गुंतवला जातो, देणगी देणाऱ्या कंपनीचा धंदा काय, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? आमच्या गटात विचारलं तेव्हा मला स्वतःलाच सांगता आलं नाही. पुढच्या अभ्यासवर्गाला ते सगळे कागद आणायचे असं आम्ही ठरवलं आहे. ती घरकामगार मैत्रीण आमच्या बचत गटाची खजिनदार आहे. कागद तिच्यासमोरच मांडणार आहोत.

तुमच्या गटातही ही चर्चा घडवा. मतभेद झाले तर ते सुद्धा कळवा. पुढच्या अंकात त्यांना जागा ठेवली आहे.

— संपादक मंडळाच्या वतीनं